शाळेचे मासिक वार्तापत्र कसे काढावे

मूल सकाळी शाळेच्या फाटकातून आत गेले की ते परत येईपर्यंत तिथे काय घडते, हे पालकांना कळण्याचे मार्ग फार थोडे असतात. सोलापुरात ही अडचण अधिकच जाणवते. शहराच्या पूर्व भागातल्या अनेक घरांत आई दिवसभर विड्या वळत असते आणि वडील यंत्रमागावर पाळी करीत असतात. जिल्हा परिषदेच्या शाळांत येणाऱ्या मुलांचे आईवडील शेतमजुरीला, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले असतात. अशा पालकांच्या दृष्टीने दुपारच्या पालकसभेला येणे म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे होय. ‘आज शाळेत काय झाले?’ असे मुलाला विचारले तर ‘काही नाही’ हे उत्तर ठरलेले असते. व्हॉट्सॲपच्या गटावर फोटो येतात, परंतु त्यांत बहुधा हार घातलेली प्रतिमा, फलक आणि रांगेत उभी केलेली मुले दिसतात. मुले त्या दिवशी काय शिकली, कुठे अडली, कशाने आनंदली, ते त्यांत येत नाही. महिन्यातून एकदा निघणारे दोन किंवा चार पानांचे वार्तापत्र ही उणीव भरून काढू शकते, आणि त्यासाठी फार पैसा किंवा छापखान्याची ओळख लागत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट निश्चित करावी. हे वार्तापत्र समारंभांची नोंद ठेवण्यासाठी काढायचे नसून, जो पालक शाळेत येऊ शकत नाही त्याला शाळेचा दिवस दिसावा म्हणून काढायचे आहे. कोणती बातमी घ्यावी, ती कोणत्या भाषेत लिहावी, अक्षर किती मोठे असावे, प्रत कोणत्या वेळी घरी पोहोचावी, या सर्व प्रश्नांचे उत्तर त्या पालकाकडे पाहून द्यावे.

काम कोणी करावे

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती स्थापन झाली. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे आहेत. ती करायची तर शाळेतील घडामोडी पालकांपर्यंत पोहोचवणे ओघानेच आले. म्हणून वार्तापत्राचा निर्णय समितीच्या बैठकीत घ्यावा आणि तो इतिवृत्तात नोंदवावा. एका उत्साही शिक्षकाने स्वतःच्या हिमतीवर सुरू केलेले वार्तापत्र त्याच्या बदलीबरोबर बंद पडते. समितीच्या ठरावाने सुरू झालेल्या कामाला निदान पुढचा माणूस शोधला जातो.

संपादक म्हणून एक शिक्षक, पालकांमधून दोन आया आणि चौथी-पाचवीतील चार-पाच मुले एवढा गट पुरेसा आहे. यांतील एक आई तरी अशी असावी की जिचे स्वतःचे शिक्षण थोडे झाले आहे. छापण्यापूर्वी मजकूर तिला वाचून दाखवावा आणि जे वाक्य तिला पुन्हा वाचून दाखवावे लागेल ते सरळ बदलावे. व्याकरण तपासणारा शिक्षक शाळेत असतोच; मजकूर वाचकाला कळतो की नाही हे मात्र तीच सांगू शकते. अंतिम मजकुरावर मुख्याध्यापकांची स्वाक्षरी घ्यावी, कारण शाळेच्या नावाने जे बाहेर जाते त्याची जबाबदारी त्यांच्यावर असते.

बातम्या गोळा करण्याची वही

महिनाअखेरीस बसून ‘या महिन्यात काय काय झाले बरे?’ असे आठवायला लागले की फक्त जयंत्या आणि पाहुण्यांच्या भेटी आठवतात. म्हणून कार्यालयात किंवा शिक्षककक्षात एक साधी दोनशेपानी वही दोरीने बांधून ठेवावी, तिला ‘घडामोडींची वही’ म्हणावे आणि प्रत्येक शिक्षकाने शाळा सुटताना तीत एक-दोन ओळी लिहाव्यात. तारीख, वर्ग आणि काय झाले, एवढेच. उदाहरणार्थ, ‘पहिली. आज सर्वांनी दहापर्यंत चिंचोके मोजले, तिघे वीसपर्यंत गेले.’ ‘पाचवी. नन्नजच्या माळढोक अभयारण्याविषयी बोलणे निघाले. एका मुलाच्या आजोबांनी लहानपणी माळढोक पाहिला होता, त्यांना बोलवायचे.’ अशा ओळी लिहायला एक मिनिट लागते, आणि महिन्याच्या शेवटी त्यांतूनच अंक उभा राहतो.

या वहीशिवाय शाळेत आधीपासून असलेल्या नोंदीही उपयोगी पडतात. परिपाठाच्या वेळी मुले रोज बातम्या आणि दिनविशेष सांगतात. त्यांत आठवड्यातून एकदा ‘आपल्या शाळेची बातमी’ सांगण्याची प्रथा पाडली तर बातमीदार मुलांचा सराव होतो. शेरेबुकात शाळेला भेट देणारे केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी काय लिहून गेले ते असते. पोषण आहाराच्या नोंदींत कोणत्या दिवशी काय शिजले आणि ते वाढण्यापूर्वी कोणी चाखून पाहिले हे असते. हजेरीपटावरून कोणत्या आठवड्यात मुले कमी आली ते कळते, आणि ती का कमी आली हे शोधले तर बहुतेक वेळा एक महत्त्वाची बातमी हाती लागते: वस्तीत ताप पसरला होता, पाणी आले म्हणून मुली भरायला थांबल्या होत्या, किंवा साखर कारखान्याचा हंगाम सुरू होऊन काही कुटुंबे निघून गेली होती. सोलापूर शहरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते, आणि पाण्याच्या दिवसाचा परिणाम हजेरीपटावर उमटतो हे येथील प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. ही गोष्ट दोष न देता, तारखांनिशी वार्तापत्रात आली तर पालक आणि शाळा यांना मिळून त्यावर काही उपाय काढता येतो.

बातमी कशी लिहावी

सगळ्यांत अधिक लक्ष येथे द्यावे लागते. शालेय बातमी लिहिण्याचा एक साचा आपल्याकडे इतका रुजला आहे की हात आपोआप त्याच वळणाने लिहू लागतो. त्या साच्यातील नमुना असा:

‘दि. ३ जानेवारी रोजी प्रशालेत क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांची जयंती मोठ्या उत्साहात साजरी करण्यात आली. मान्यवरांच्या हस्ते प्रतिमापूजन व दीपप्रज्वलन करण्यात आले. प्रास्ताविक मुख्याध्यापकांनी केले. अध्यक्षांनी समयोचित मार्गदर्शन केले. सूत्रसंचालन सहशिक्षकांनी तर आभारप्रदर्शन सहशिक्षिकांनी केले. कार्यक्रम यशस्वी करण्यासाठी सर्वांनी परिश्रम घेतले.’

यांतील एकही विधान खोटे नाही, पण ज्याची मुलगी त्या कार्यक्रमात बसली होती त्या पालकाला तिच्याविषयी या सहा वाक्यांतून काहीही कळत नाही. मुले यात कुठेच नाहीत. मान्यवरांची नावे काढली आणि वर्ष बदलले तर हीच बातमी कोणत्याही शाळेच्या कोणत्याही जयंतीला चालेल, आणि जी बातमी सगळीकडे चालते ती छापण्याचे कारण उरत नाही. त्याच दिवसाची दुसरी बातमी अशी लिहिता येईल:

‘३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती झाली. त्याआधी आठवडाभर तिसरी आणि चौथीच्या मुलामुलींनी आपापल्या आजीला दोन प्रश्न विचारून उत्तरे लिहून आणली: तुम्ही कितवीपर्यंत शिकलात, आणि शाळा का सुटली? जयंतीच्या दिवशी ही उत्तरे वर्गात वाचली. काही आजी शाळेत गेल्याच नव्हत्या. काहींची शाळा धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी सुटली, काहींची विड्या वळायला बसल्यामुळे. एका आजीने सांगितले की तिला अजून स्वतःचे नाव लिहायला शिकायचे आहे. तिची नात आता रोज संध्याकाळी तिला एक अक्षर शिकवते. सगळी उत्तरे चौथीच्या भिंतीवर लावली आहेत. शनिवारी शाळा सुटताना येऊन पाहावीत.’

दुसरा मजकूर अधिक जागा घेतो, पण ती सार्थकी लागते. दुसऱ्यात मुलांनी काय केले ते आधी येते, त्यातून काय निघाले ते नंतर येते आणि शेवटी पालकांना करता येण्याजोगी एक गोष्ट येते. बातमी लिहिताना हा क्रम धरून ठेवला तर बरेच काम सोपे होते. पाहुणे आले असतील तर त्यांचे नाव एका ओळीत अवश्य द्यावे, त्यांचे आभारही मानावेत. परंतु ते बातमीच्या शेवटी. ‘मोठ्या उत्साहात’, ‘खेळीमेळीच्या वातावरणात’, ‘बहुमोल मार्गदर्शन’ हे शब्दप्रयोग संपादकाने निर्धाराने काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी प्रत्यक्ष दिसलेली एक गोष्ट लिहावी. उत्साह होता म्हणजे नेमके काय झाले, ते सांगितले की उत्साह हा शब्द लागत नाही.

प्रत्येक अंकात निदान एक बातमी शिकण्याविषयी असावी, आणि ती घरी उपयोगी पडेल अशी असावी. ‘दुसरीची मुले या महिन्यात जोडाक्षरे वाचू लागली आहेत’ एवढे सांगून थांबू नये. त्यापुढे ‘नवी पेठेतून किंवा चाटी गल्लीतून जाताना मुलांना दुकानांच्या पाट्या वाचायला सांगावे, वस्त्र, क्लॉथ, स्टोअर्स, ज्वेलर्स या शब्दांत त्यांना जोडाक्षरे भेटतील’ असे लिहावे. ज्या पालकाला स्वतःला वाचता येत नाही तोही हे करू शकतो, कारण त्याला फक्त पाटीकडे बोट दाखवायचे असते. गणिताच्या बाबतीत बाजारातला हिशेब, टॉवेलांचे डझन, विड्यांच्या कट्ट्यांची मोजदाद अशी घरातलीच उदाहरणे घ्यावीत. मात्र मुलांनी हे काम करावे असा अर्थ त्यातून निघणार नाही, याची काळजी घ्यावी.

सोलापूरचे वर्ष आणि अंकाचे विषय

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होते तेव्हाचा पहिला अंक मुख्यतः माहितीचा असावा: वर्गशिक्षक कोण, पुस्तके आणि गणवेश कधी मिळणार, शाळेची वेळ काय, समितीचे सदस्य कोण. आषाढीच्या सुमारास दिंडी निघते, आणि पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे बहुतेक मुलांच्या घरचे कोणी ना कोणी वारीला गेलेले असते. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी सोलापूर शहरातून पुढे जाते, ती पाहून आलेल्या मुलांना ‘तुम्ही काय पाहिले’ असे विचारून त्यांच्याच शब्दांत दोन-चार ओळी घ्याव्यात. श्रावणात नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाचा मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो आणि नवरात्रात तेलुगू भाषक घरांत बतुकम्मा हा फुलांचा सण असतो. ज्या शाळेत या घरांतील मुले शिकतात, तिथे बतुकम्मेसाठी कोणती फुले कशी रचतात हे एखाद्या आईने सांगितलेले अंकात आले, तर त्या आईचा शाळेशी संबंध वेगळाच जुळतो. ईद, नाताळ, भीमजयंती यांनाही हाच न्याय लावावा. सणाची बातमी देताना ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ असा भेद भाषेतून डोकावू देऊ नये. वर्गात सगळ्या घरांतील मुले असतात आणि अंक सगळ्याच घरी जाणार असतो.

जानेवारी हा सोलापूरच्या शाळांसाठी सर्वांत भरलेला महिना असतो. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली. १९३० साली या शहरात मार्शल लॉ पुकारला गेला होता, त्या लढ्याशी ही शिक्षा जोडलेली आहे. चार हुतात्मा चौकातून मुले रोज ये-जा करतात. त्या चौघांची नावे त्यांना सांगता येतात का, हे विचारून पाहावे आणि ज्यांना सांगता आली त्यांच्याकडून इतरांनी ती शिकावीत. याच दिवसांत मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे गड्डा, भरते. सात नंदीध्वजांची, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची, मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा म्हणजे प्रतीकात्मक विवाह, बाराबंदीचा पांढरा पोशाख हे सारे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असते आणि त्यावर लिहायला त्यांना आग्रह करावा लागत नाही. एक सूचना मात्र करावीशी वाटते: ‘गड्ड्यावरची मजा’ असा विषय दिला तर सगळे जण पाळणा आणि भेळ लिहितात, ‘नंदीध्वज जवळून गेला तेव्हा काय ऐकू आले?’ असे विचारले तर प्रत्येकाचे उत्तर निराळे येते.

फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिन आणि विज्ञान दिन पाठोपाठ येतात, त्यांच्यावर वेगळी जागा न घालवता मुलांनी केलेला एखादा प्रयोग सविस्तर द्यावा. उन्हाळा सुरू होऊन शाळा सकाळची झाली की वेळेतील बदल ठळक अक्षरांत पहिल्या पानावर छापावा आणि उन्हापासून काळजी घेण्याविषयी चार ओळी घालाव्यात. एप्रिलचा अंक निरोपाचा आणि पुढच्या वर्षी पहिलीत येणाऱ्या मुलांच्या स्वागताचा असतो. शाळापूर्व तयारीच्या मेळाव्याची माहिती त्यात देऊन तो अंक अंगणवाडीतही पाठवावा.

पोषण आहार, पैसा आणि अडचणी

या तीन गोष्टींविषयी पालकांच्या मनात सर्वाधिक प्रश्न असतात आणि शालेय अंकांत यांवरच सर्वांत कमी लिहिलेले आढळते. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम धान्यापासून केलेले, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने देणारे जेवण मिळावयास हवे. हा निकष वर्षातून एकदा अंकात छापावा आणि दर महिन्याला कोणत्या वारी काय शिजले ते थोडक्यात द्यावे. एखाद्या पालकाने तिथी भोजन, म्हणजे वाढदिवसासारख्या प्रसंगी मुलांना जेवण, दिले असेल तर त्याची नोंद करावी. पण वाढदिवसाला जेवण देणे ज्यांना परवडत नाही त्यांना उणेपणा वाटेल अशा रीतीने तिचे कौतुक करू नये.

पैशांचा हिशेब तर नेमकाच असावा. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत शाळेचे संयुक्त अनुदान पटसंख्येवर ठरते: ३० पर्यंत पट असल्यास १०,००० रुपये, ३१ ते १०० असल्यास २५,००० रुपये, १०१ ते २५० असल्यास ५०,००० रुपये, आणि त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. शाळेच्या खात्यावर प्रत्यक्षात किती रक्कम जमा झाली, ती कशावर खर्च झाली आणि किती शिल्लक आहे, हे चार ओळींत छापता येते. लोकवर्गणीतून काही घेतले असेल तर तेही याच ठिकाणी लिहावे. वर्गणी देणाऱ्यांची नावे द्यायची असतील तर वर्णानुक्रमे द्यावीत आणि रकमा नावापुढे छापू नयेत, असे माझे मत आहे. पन्नास रुपये देणाऱ्या विडी कामगार बाईने आपले नाव यादीच्या तळाशी पाहू नये.

अडचणी लपवू नयेत. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही, पत्रा गळतो, एका वर्गाला शिक्षक नाही, अशी गोष्ट असेल तर ती कधीपासून आहे, कोणाला कोणत्या तारखेला पत्र दिले आणि त्यावर काय झाले, एवढे सांगावे. आरोपाची भाषा टाळावी, तारीख टाळू नये. पुढच्या अंकात त्याच बातमीचा पाठपुरावा छापावा, मग भले ‘अद्याप उत्तर आलेले नाही’ एवढीच ओळ असेल. असा पाठपुरावा चालू राहिला की पालकांचा अंकावर विश्वास बसतो, आणि पत्र घेऊन कार्यालयात जाण्याची वेळ आली तर सोबत चार माणसे येतात.

मुलांची नावे आणि छायाचित्रे

येथे कसलीही ढिलाई चालणार नाही. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक पालकाकडून लेखी संमती घ्यावी आणि तीत तीन गोष्टी स्वतंत्रपणे विचाराव्यात: मुलाचे नाव छापावे का, छायाचित्र छापावे का, आणि हे दोन्ही मोबाइलवरून पाठवलेल्या प्रतीत चालेल का. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकाची संमती आवश्यक मानलेली आहे. संमती नसलेल्या मुलांची यादी संपादकाजवळ असावी, परंतु ती वर्गात वाचून दाखवू नये. छायाचित्र निवडताना कामात गुंतलेल्या मुलांचे, शक्यतो हात आणि वस्तू दिसतील असे निवडावे. मुलाचे पूर्ण नाव, वस्ती आणि चेहरा या तीनही गोष्टी एकत्र छापू नयेत.

एखादे मूल अत्याचाराला बळी पडले असेल, कायद्याच्या कचाट्यात सापडले असेल किंवा बालकल्याण समितीपुढे गेले असेल, तर त्याविषयी एक अक्षरही छापायचे नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे, आणि वार्तापत्रांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. मुलाचे आजारपण, घरातील भांडण, मागे पडलेला अभ्यास, गणवेश नसणे हे विषयही कोणाचे नाव न घेता, आणि ओळख न पटेल एवढ्या अंतरावरूनच हाताळावेत. गुणवत्ता यादी छापण्याचा मोह आवरावा. पहिल्या तीन मुलांची नावे छापली की उरलेल्या सगळ्या घरांत तो अंक निराळ्या नजरेने वाचला जातो. त्यापेक्षा वर्षभरात प्रत्येक मुलाचे नाव निदान एकदा कशासाठी तरी अंकात येईल, असा तक्ता संपादकाने भिंतीवर लावावा आणि जून ते एप्रिल त्यावर खुणा करीत जावे.

भाषा

सोलापूर महानगरपालिकेच्या शाळा मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमांतूनही चालतात, आणि अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड बोलणारी गावे बरीच आहेत. मराठी माध्यमाच्या वर्गातही घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुले असतात. संपूर्ण अंक चार भाषांत काढणे कोणत्याही शाळेला झेपणार नाही. परंतु तारखा, सुट्ट्या आणि सभेचे निमंत्रण एवढी चौकट पालकांच्या भाषेत देणे सहज शक्य आहे. ती पालकांकडूनच लिहून घ्यावी आणि त्या भाषेच्या दुसऱ्या वाचकाकडून तपासून घ्यावी.

ज्यांना कोणतीच लिपी वाचता येत नाही त्यांच्यासाठी अंकाचे वाचन मुलांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. तीच युक्ती येथे वापरता येते: पहिल्या पानाच्या कोपऱ्यात कोड छापावा, तो मोबाइलने टिपला की पाचवीतील मुलीच्या आवाजात अंक ऐकू येईल. विड्या वळताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. ज्या घरी स्मार्टफोन नाही तिथे मुलानेच अंक मोठ्याने वाचून दाखवावा, आणि पुढच्या दिवशी ‘कोणाला वाचून दाखवला, त्यांनी काय विचारले’ असे वर्गात विचारावे.

जुळणी आणि छपाई

ए-थ्री आकाराचा कागद मधोमध दुमडला की ए-फोरची चार पाने होतात. प्राथमिक शाळेला एवढी जागा पुरते. संगणकावर जुळणी करायची असेल तर युनिकोड टंक, म्हणजे मोबाइलवरही जसाच्या तसा वाचता येणारा फॉन्ट, वापरावा. डीटीपीच्या दुकानात अजूनही श्रीलिपीसारख्या प्रणालींत जुळणी होते, ती कागदावर सुरेख दिसते, परंतु तोच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवायला गेले की अक्षरांचा गोंधळ होतो. म्हणून आधीच सांगून ठेवावे. अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नसावे. हस्तलिखित अंक तर मला अधिकच आवडतो: निळ्याऐवजी काळ्या पेनाने, एका बाजूला, चारही कडांना बोटभर समास सोडून लिहावा, म्हणजे झेरॉक्स स्वच्छ निघते. रंगीत छपाईवर पैसे घालवू नयेत. जाहिराती घेण्याचा विचार कोणी मांडला तर समितीने तो नाकारावा.

अंक घरी पोहोचवणे

दप्तरातून पाठवलेला कागद बहुधा दप्तरातच राहतो. अंक वाटण्याचा दिवस कायम ठेवावा, आणि तो परिसरातील पालकांच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी असावा. मुलाने अंक घरी दाखवल्याची खूण म्हणून खालच्या कोपऱ्यात कापून परत आणायची एक पट्टी ठेवावी: ‘अंक पाहिला / ऐकला. मला विचारायचे आहे की …’ एवढाच मजकूर आणि खाली सही किंवा अंगठा. परत आलेल्या पट्ट्यांतील प्रश्नांची उत्तरे पुढच्या अंकात क्रमाने द्यावीत. उत्तर देता येणार नसेल तर ते कोणाकडे मिळेल ते सांगावे. याशिवाय चार प्रती बाहेर लावाव्यात: शाळेच्या फाटकावर, अंगणवाडीत, रेशन दुकानाजवळ आणि वस्तीतल्या किराणा दुकानात. बाहेर लावण्याच्या प्रतीत मुलांची छायाचित्रे नसावीत.

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांना विसरू नये. दिवाळीनंतर काही मुले आईवडिलांबरोबर जातात, काही आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहाच्या व्यवस्थेत मागे राहतात. गेलेल्या मुलांसाठी अंकाचे छायाचित्र मुकादमाच्या किंवा पालकाच्या मोबाइलवर पाठवावे आणि सोबत त्यांच्या वर्गाने लिहिलेल्या दोन ओळी द्याव्यात. मागे राहिलेल्या मुलांचे लेखन त्या अंकात मुद्दाम घ्यावे, म्हणजे फडावर असलेल्या आईला ते ऐकता येते. मूल जिथे गेले तिथल्या शाळेत त्याला बसता यावे यासाठी शिक्षण हमी पत्रकाची व्यवस्था आहे. ते निघण्यापूर्वीच मागून घ्यावे, ही सूचना ऑक्टोबरच्या अंकात पहिल्या पानावर छापावी.

चुका आणि जुने अंक

नाव चुकले, तारीख चुकली, एखाद्याचा उल्लेख राहिला, तर पुढच्या अंकाच्या पहिल्याच पानावर दुरुस्ती द्यावी. मुलाचे नाव चुकीचे छापले गेले असेल तर दुरुस्तीची वाट न पाहता त्याच दिवशी त्याच्या प्रतीवर पेनाने सुधारून, त्याच्या घरी तसे कळवावे.

प्रत्येक अंकाच्या दोन प्रती फाइलला लावाव्यात, एक कार्यालयात आणि एक वर्ग-ग्रंथालयात, जिथे मुलांना ती चाळता येईल. संमतीपत्रे, घडामोडींच्या वह्या आणि परत आलेल्या पट्ट्या वेगळ्या गठ्ठ्यात वर्षवार बांधाव्यात; संमतीपत्रांचा गठ्ठा कुलपात असावा. संपादक शिक्षकाची बदली झाली तर कार्यमुक्त होण्यापूर्वी त्याने फाइल, चालू वही, नावांचा तक्ता, टंक व क्यूआर कोडच्या खात्याचा पासवर्ड आणि अपुऱ्या पाठपुराव्यांची यादी पुढच्या संपादकाकडे सोपवावी, पोच घ्यावी आणि समितीच्या पुढील बैठकीच्या इतिवृत्तात तशी नोंद करून घ्यावी.